घटक ५ : भिंतीवरून पुस्तकाच्या पानावर – दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांचे सहचित्रण

५.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला :
• पुस्तकातील चित्रकाराचे स्थान व कार्य स्पष्ट करता येईल.
• परधान गोंड चित्रपरंपरेचा भिंतीपासून पुस्तकापर्यंतचा प्रवास सांगता येईल.
• दुर्गाबाई व सुभाष व्याम या चित्रकार दांपत्याच्या कामाची वैशिष्ट्ये सांगता येतील.
• 'भीमायन' या चित्रग्रंथातील चित्रभाषेचे विवेचन साहित्यविचारातील संज्ञांच्या आधारे करता येईल.
• दोन व्यक्तींनी मिळून केलेल्या कलाकृतीच्या कर्तृत्वाचा प्रश्न समजून घेता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, आधीच्या घटकांत आपण लेखक, अनुवादक आणि संपादक यांच्या कार्याचा विचार केला. पुस्तक घडविणाऱ्यांपैकी आणखी एका घटकाकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. तो घटक म्हणजे चित्रकार. आपण पुस्तकाचे परीक्षण लिहितो, तेव्हा लेखकाचे नाव देतो, प्रकाशकाचे नाव देतो, किंमतही देतो. चित्रकाराचे नाव एखाद्या ओळीत उरकले जाते, आणि अनेकदा तेही राहून जाते. चित्र म्हणजे मजकुराला लावलेली शोभा, अशी आपली समजूत त्यामागे असते. ही समजूत कितपत खरी आहे, हे एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे तपासून पाहणे हा या घटकाचा हेतू आहे.

त्यासाठी आपण दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या पति-पत्नींचे काम निवडले आहे. दोघेही परधान गोंड परंपरेतील चित्रकार असून भोपाळ येथे राहतात. दुर्गाबाईंचा जन्म मध्यप्रदेशातील मंडला जिल्ह्यात बरबसपूर येथे झाला, तर सुभाष हे त्याच परिसरातील सोनपुरी गावचे. दोघांनी स्वतंत्रपणे पुस्तके चित्रित केली आहेत आणि एकत्रही केली आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनातील प्रसंगांवर आधारलेले 'भीमायन' (२०११) हे त्यांच्या एकत्रित कामाचे सर्वांत प्रसिद्ध फळ होय.

हा घटक गोंदिया जिल्ह्यातील अभ्यासकेंद्रात बसून वाचणाऱ्या विद्यार्थ्याला या विषयाचे दोन धागे आपल्या अंगणातच सापडतील. पहिला धागा गोंड परंपरेचा. सालेकसा तालुक्यातील कचारगड येथे माघ पौर्णिमेला भरणाऱ्या यात्रेत अनेक राज्यांतून गोंड समाज एकत्र येतो. गोंदियाहून बालाघाट व नैनपूर या मार्गाने जबलपूरकडे जाणारा लोहमार्ग मंडला जिल्ह्यातूनच जातो. म्हणजे व्याम दांपत्याचा मुलूख आपल्या गाडीच्या वाटेवर आहे. दुसरा धागा डॉ. आंबेडकरांचा. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत ते उमेदवार होते व त्यांचा पराभव झाला. आजचा गोंदिया जिल्हा त्या वेळी भंडारा जिल्ह्याचाच भाग होता; १ मे १९९९ रोजी तो स्वतंत्र झाला. हे दोन्ही धागे 'भीमायन'मध्ये एकत्र आले आहेत.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ गाण्याकडून चित्राकडे

परधान हे परंपरेने गोंडांचे गायक व वंशावळी सांगणारे. 'बाना' नावाच्या तंतुवाद्याच्या साथीने ते आपल्या गोंड यजमानांच्या घरी जाऊन बडादेवाची आणि कुळाची गाणी गात. त्याच्या मोबदल्यात त्यांना धान्य, कापड, गुरे मिळत. यजमानांची सुबत्ता ओसरली तशी ही व्यवस्था क्षीण झाली आणि अनेक परधान कुटुंबे शेतमजुरीकडे वळली. गाणी सांगण्याची जागा कमी झाली, पण गाण्यांतील कथा स्मरणात राहिल्या.

या कथांना १९८० च्या दशकात नवी वाट मिळाली. भोपाळ येथे १९८२ मध्ये भारत भवन सुरू झाले. तेथील कलादालनाचे प्रमुख, चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी मध्यप्रदेशातील गावागावांतून कलावंतांचा शोध घेण्याचे काम हाती घेतले होते. त्या शोधात पाटनगढ या गावातील तरुण परधान जनगढ सिंह श्याम (१९६२–२००१) यांची भिंतीवरील चित्रे पुढे आली. जनगढ भोपाळला आले, त्यांच्या हाती कागद, कॅनव्हास आणि बाजारात मिळणारे रंग आले, आणि गाण्यातील देव, प्राणी, वृक्ष चित्रांत उतरू लागले. १९८९ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली. त्यांनी आपल्या नात्यागोत्यातील अनेकांना भोपाळला आणले व हाताशी धरून शिकविले. त्यांच्या पत्नी ननकुसिया या सुभाष व्याम यांच्या भगिनी. अशा रीतीने व्याम दांपत्य या वर्तुळात आले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. ज्याला आपण आज 'गोंड चित्रकला' म्हणतो, तिचा कागदावरचा अवतार जेमतेम चार दशकांचा आहे. तिच्यातील कथा जुन्या आहेत. माध्यम, आकार आणि चित्रकाराची स्वतंत्र ओळख या गोष्टी नव्या आहेत. प्रत्येक चित्रकार आकृतीच्या आतील जागा भरण्यासाठी स्वतःची खूण वापरतो: कोणी ठिपके, कोणी तुटक रेषा, कोणी माशाच्या खवल्यासारख्या कमानी, कोणी पावसाच्या थेंबांसारखे आकार. ही भरणी म्हणजे त्या चित्रकाराची सही. तेव्हा या चित्रांना 'अनामिक लोककला' म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही.

५.२.२ डिग्ना : स्त्रियांची भिंत

जनगढ यांच्याकडून मिळालेल्या प्रेरणेआधी दुर्गाबाईंजवळ एक शिदोरी होती. परधान व गोंड घरांतील स्त्रिया लग्नकार्यात, सणासुदीला आणि सुगीच्या वेळी भिंतींवर व जमिनीवर भौमितिक आकृत्या काढतात. यांना 'डिग्ना' म्हणतात. शेणामातीने सारवलेल्या पृष्ठभागावर पांढरी माती, गेरू, पिवळी व काळी माती यांनी त्या काढल्या जातात. दुर्गाबाई बालपणीच घरातील स्त्रियांकडून डिग्ना काढायला शिकल्या. त्यांना शालेय शिक्षण मिळाले नाही; हे त्यांचे खरे शिक्षण होते.

डिग्नाची दोन लक्षणे पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहेत. पहिले, ती टिकण्यासाठी काढलेली नसते. पुढच्या सारवणीत ती पुसली जाते आणि नवी येते. दुसरे, तिच्यावर कोणाचे नाव नसते. घरातील सून, सासू, मुलगी यांपैकी कोणी काढली हे गावाला ठाऊक असते, पण लिहिलेले कोठेच नसते. तुमच्या घरातही सारवण, रांगोळी, सणासाठी भिंती रंगविणे ही कामे कोण करते आणि त्यांचा कर्ता म्हणून कोणाचे नाव घेतले जाते, याचा विचार करून पाहा. जे काम 'घरकाम' म्हणून गणले जाते, त्याला कर्ता नसतो. भिंतीवरून पुस्तकात आलेल्या दुर्गाबाईंच्या प्रवासात सर्वांत मोठा बदल कोणता झाला असेल, तर तो हा: त्यांच्या रेषेला नाव मिळाले.

५.२.३ स्वतंत्र पुस्तके

एकत्र काम समजून घेण्यापूर्वी दोघांचे स्वतंत्र काम पाहणे आवश्यक आहे. चेन्नई येथील तारा बुक्स या प्रकाशनसंस्थेसाठी दुर्गाबाईंनी 'वन, टू, ट्री!' हे मुलांना अंक शिकविणारे पुस्तक चित्रित केले. त्यात एका झाडावर एकेक करून प्राण्यांची भर पडत जाते. संख्या वाढते तसे झाड मोठे होत जाते, आणि झाडाचे वाढणे हे चित्रकाराने सांगितलेले असते. त्यानंतर रुकैया सखावत हुसेन यांची १९०५ सालची कथा 'सुल्तानाज ड्रीम' त्यांनी चित्रित केली. या कथेत स्त्रिया राज्य चालवितात आणि पुरुष पडद्याआड राहतात. एका बंगाली मुस्लिम लेखिकेने इंग्रजीत लिहिलेली कल्पितकथा शंभर वर्षांनी एका परधान स्त्रीने चित्रांत आणली. दोघींची भाषा, धर्म, काळ वेगळे. तरीही पडद्याचा आणि स्वातंत्र्याचा अर्थ चित्रकर्तीला बाहेरून समजावून द्यावा लागण्यासारखा नव्हता.

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' या पुस्तकात भज्जू श्याम व राम सिंह उर्वेती यांच्यासमवेत दुर्गाबाईंची चित्रे आहेत. काळ्या कागदावर हाताने छापलेल्या या पुस्तकाला २००८ मध्ये इटलीतील बोलोन्या बालपुस्तक मेळ्यात पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये भारत सरकारने दुर्गाबाईंना पद्मश्री देऊन गौरविले.

सुभाष व्याम यांचा हात मातीच्या व लाकडाच्या शिल्पकामातही चालतो. त्यांनी चित्रित केलेले 'वॉटर' हे पुस्तक तारा बुक्सने काढले. गावातील पाणी, त्याचे वाटप आणि शहराकडे वळविले जाणारे पाणी हा त्याचा विषय. आकृतीची घडण, वस्तूचे वजन आणि जागा व्यापण्याची पद्धत याकडे शिल्पकाराचे लक्ष असते. चित्र काढतानाही ही सवय सुटत नाही.

म्हणजेच एकत्र काम करण्यापूर्वी आणि नंतरही दोघे आपापल्या पायांवर उभे असलेले कलावंत आहेत. 'व्याम दांपत्य' हा शब्दप्रयोग वापरताना हे ध्यानात ठेवावे.

आपली प्रगती तपासा – १
रिकाम्या जागा भरा.
(अ) परधान गायकांच्या तंतुवाद्याचे नाव ______ हे आहे.
(आ) लग्नकार्यात व सणांना काढल्या जाणाऱ्या भौमितिक आकृत्यांना ______ म्हणतात.
(इ) दुर्गाबाईंना पद्मश्री हा सन्मान ______ मध्ये मिळाला.

५.२.४ 'भीमायन' : एकत्र काम

डॉ. आंबेडकरांनी १९३० च्या दशकात अस्पृश्यतेच्या स्वतःच्या अनुभवांविषयी इंग्रजीत काही टिपणे लिहिली. ती 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने ओळखली जातात. 'भीमायन'ची कथा प्रामुख्याने या टिपणांवर उभी आहे. संहिता श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांची, चित्रे दुर्गाबाई व सुभाष व्याम यांची, प्रकाशक दिल्लीची नवयान ही संस्था आणि प्रस्तावना ब्रिटिश कलासमीक्षक जॉन बर्जर यांची.

पुस्तकाचे तीन भाग आहेत: पाणी, निवारा आणि प्रवास. माणसाच्या साध्यातल्या साध्या या तीन गरजा. त्याच नाकारल्या जातात तेव्हा काय होते, हे त्यांत येते. १९०१ साली नऊ वर्षांचे भीमराव भावंडांसह साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघतात. मसूर स्थानकावर त्यांची जात कळताच स्टेशनमास्तरची वागणूक बदलते. गाडीवाला दुप्पट भाडे घेतो आणि विटाळ नको म्हणून गाडी मुलांनाच हाकायला लावतो. रात्रभर त्यांना पिण्याला पाणी मिळत नाही. १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या आंबेडकरांना बडोद्यात राहायला जागा मिळत नाही. १९३४ साली दौलताबादचा किल्ला पाहायला गेलेल्या त्यांच्या मंडळींवर तेथील पाणी विटाळल्याचा आरोप होतो. या प्रसंगांच्या मध्ये १९२७ चा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह उभा आहे.

या कामात एक मूलभूत अडचण होती. चित्रकथेचा रूढ साचा चौकटींचा असतो. पान लहान लहान चौकोनांत विभागले जाते आणि वाचक एका चौकोनातून दुसऱ्यात जातो. व्याम पति-पत्नींनी माणसांना अशा खोक्यांत बंद करायला नकार दिला. पात्रांना मोकळा श्वास घेता येईल अशी उघडी जागा त्यांना हवी होती. मग पानाचे भाग कसे पाडायचे? येथे डिग्ना उपयोगी पडली. सारवलेल्या भिंतीवर जे नक्षीपट्टे काढले जात, तेच पानावर वळणे घेत प्रसंगांना वेगळे करतात आणि जोडतातही. घरातील स्त्रियांची निनावी कला येथे ग्रंथाच्या रचनेचे तत्त्व बनली. प्रकाशकाने ठरविलेला साचा चित्रकारांनी बदलला, आणि तो बदलण्याची साधने त्यांनी आपल्याच परंपरेतून आणली. या एका निर्णयातून चित्रकार हा सहलेखक कसा असतो हे दिसून येते.

५.२.५ चित्राचे वाचन

आता आपल्या अभ्यासातील परिचित संज्ञा या चित्रांना लावून पाहू.

रूपक : उपमेत दोन वस्तूंतील साम्य सांगितले जाते, तर रूपकात त्या दोन्ही एकरूप असल्याचे वर्णिले जाते, हे तुम्ही अलंकारविचारात शिकला आहात. 'भीमायन'मध्ये आगगाडी सापासारखी दाखविलेली नाही. ती सापच आहे. किल्ला हा हिंस्र श्वापद आहे. पाण्याच्या पंपाचा दांडा हत्तीची सोंड होतो. 'सारखा' हा शब्द चित्राला उच्चारता येत नाही, म्हणून चित्र थेट रूपकाकडे जाते. शिवाय ही रूपके निसर्गातून आलेली आहेत. ज्या मुलखात माणूस, झाड आणि जनावर एकाच कथेतील पात्रे असतात, तेथील चित्रकाराला यंत्र आणि दगडी भिंतही प्राण्यांच्या रूपानेच दिसतात.

काकू : संस्कृत साहित्यशास्त्रात आवाजाच्या विशिष्ट चढउतारातून येणाऱ्या अर्थाला 'काकू' म्हणतात. छापील संवादात हा स्वर हरवतो. व्याम यांनी तो बोलाच्या फुग्याच्या आकारात परत आणला. सौम्य, माणुसकीने बोलणाऱ्यांचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात. जातीचे विष ओकणाऱ्यांच्या शब्दांना विंचवाच्या नांगीचे टोक असते. मनातल्या मनात उमटलेल्या विचाराला एक डोळा जोडलेला असतो. तो मनाचा डोळा. वाक्य वाचण्याआधीच ते कोणत्या वृत्तीने उच्चारले आहे हे वाचकाला कळते. अक्षरओळख नसलेल्या वाचकालाही विंचू आणि पाखरू यांतला फरक समजतो.

औचित्य : अस्पृश्यतेच्या अनुभवासारखा कठोर विषय इतक्या नक्षीदार, प्राण्यापक्ष्यांनी भरलेल्या शैलीत सांगणे उचित आहे काय, असा प्रश्न तुम्हाला पडू शकेल. सौंदर्यामुळे वेदनेची धार बोथट होते, असा आक्षेप घेता येतो. त्याचा गंभीरपणे विचार करावा. या आक्षेपाला एक उत्तर असे देता येईल: या परंपरेत निसर्ग ही सजावट नसून सहानुभव घेणारे पात्र आहे. माणसांनी नाकारलेल्या माणसाच्या बाजूने झाड, पाणी आणि पाखरू उभे राहतात, तेव्हा नाकारणाऱ्यांचे एकाकीपण अधिक उघडे पडते. तुम्ही या उत्तराशी सहमत असलेच पाहिजे असे नाही. मात्र आपले मत पानावरील पुराव्याने मांडता आले पाहिजे.

५.२.६ दोघांचे काम, कर्तृत्व कोणाचे?

आता आपण या घटकातील सर्वांत अवघड प्रश्नाकडे येतो. एकाच पानावर दोन हात फिरले असतील, तर ते पान कोणाचे?

तुलनेसाठी एक परदेशी उदाहरण घेऊ. लिओ डिलन व डायान डिलन हे अमेरिकेतील चित्रकार दांपत्य. दोघांचाही जन्म १९३३ चा, विवाह १९५७ चा. मुलांच्या पुस्तकांतील चित्रांसाठी दिला जाणारा कॅल्डिकॉट हा मानाचा पुरस्कार त्यांना १९७६ व १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षे मिळाला. त्यांच्यात चित्र एकाकडून दुसऱ्याकडे जात राही, आणि शेवटी कोणती रेषा कोणाची हे त्यांचे त्यांनाही वेगळे सांगता येत नसे. या एकत्रित निर्मितीला ते 'तिसरा कलावंत' म्हणत. लिओ यांचे २०१२ मध्ये निधन झाले.

'तिसरा कलावंत' ही कल्पना आकर्षक आहे. पण ती आपल्या समाजात आणताना एक सावधगिरी बाळगावी लागते. जेथे घरातील स्त्रीचे श्रम कुटुंबाच्या नावावर जमा होण्याची जुनी सवय आहे, तेथे 'दोघांचे मिळून' या शब्दांआड तिचे नाव सहज लोपते. विणकर, कुंभार, बुरूड यांच्या घरांत पाहा. सूत भरणे, माती मळणे, कामट्या सोलणे यांत स्त्रीचा वाटा असतो; कारागीर म्हणून ओळख मात्र बहुधा पुरुषाची होते. याच्या उलटही घडू शकते: एकाला मोठा सन्मान मिळाला की दुसऱ्याचे काम साहाय्यकाचे मानले जाऊ लागते.

व्याम दांपत्याच्या बाबतीत या दोन्ही धोक्यांना दिलेले उत्तर साधे आहे. 'भीमायन'वर दोघांची नावे पूर्ण लिहिलेली आहेत, आधी दुर्गाबाईंचे आणि नंतर सुभाष यांचे. आणि चित्रकारांची ही नावे संहिताकारांच्या नावांपूर्वी येतात. 'व्याम आणि कुटुंबीय' असे त्यावर नाही. त्याचबरोबर दोघांची स्वतंत्र पुस्तके उपलब्ध असल्याने, एकत्र कामातही कोणी कोणाच्या छायेत नाही हे वाचकाला पडताळता येते. २०१८ च्या कोची-मुझिरिस बिएनाले या कलामहोत्सवातही दोघांनी आपले काम संयुक्तपणे मांडले.

कायद्याची भूमिकाही येथे पाहण्यासारखी आहे. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात 'संयुक्त कर्तृत्व' ही संज्ञा आहे. दोन किंवा अधिक कर्त्यांनी सहकार्याने निर्माण केलेली आणि ज्यात एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही, अशी कृती संयुक्त कर्तृत्वाची मानली जाते. ग्रंथरूप व कलात्मक कृतींवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. संयुक्त कृतीत ही मुदत सर्वांत शेवटी निधन पावणाऱ्या कर्त्यापासून मोजतात. तसेच आर्थिक हक्क दुसऱ्याला दिल्यानंतरही कृतीचा कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा हक्क कर्त्याकडे राहतो. म्हणजे वाटा वेगळा काढता येत नाही, एवढ्यावरून कायदा कोणाचेही नाव वगळत नाही. तो दोघांचीही नावे ठेवतो.

हा प्रश्न केवळ मोठ्या शहरांतील पुस्तकांचा नाही. आदिवासी शैलीतील आकृत्या आज कार्यालयांच्या भिंतींवर, पिशव्यांवर, दिनदर्शिकांवर दिसतात. त्यांखाली अनेकदा केवळ 'आदिवासी कला' एवढेच लिहिलेले असते. एखाद्या कवितेखाली 'मराठी कविता' एवढेच छापून कवीचे नाव गाळले, तर आपण त्याला अन्याय म्हणू. चित्राच्या बाबतीत तोच अन्याय आपल्या डोळ्यांना खुपत नाही, याचे कारण चित्रकाराला आपण अजून कर्ता मानलेले नाही. परंपरा सामूहिक असते, पण विशिष्ट चित्र विशिष्ट हाताचे असते. ओवी सर्वांची असली, तरी बहिणाबाईंची कविता बहिणाबाईंचीच असते.

आपली प्रगती तपासा – २
एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'भीमायन'मधील तीन भाग कोणते?
(आ) 'भीमायन'मध्ये चौकटींऐवजी कशाचा वापर केला आहे?
(इ) विंचवाच्या नांगीच्या आकाराचे फुगे कोणत्या प्रकारच्या बोलण्यासाठी येतात?

५.३ सारांश

परधान गोंड चित्रपरंपरा गायनातून आणि घराच्या भिंतीवरून कागदावर आली. या वाटेवर दुर्गाबाई व सुभाष व्याम यांनी प्रत्येकी स्वतंत्र पुस्तके चित्रित केली आणि 'भीमायन'मध्ये एकत्र काम केले. त्या ग्रंथात त्यांनी चौकटींचा रूढ साचा नाकारून डिग्नाच्या पट्ट्यांनी पानाची रचना केली; रूपक आणि काकू यांना समांतर अशी चित्रभाषा घडविली. त्यामुळे त्यांचे काम संहितेला जोडलेली सजावट न राहता ग्रंथाच्या अर्थाचा भाग झाले. दोघांच्या सहनिर्मितीत दोन्ही नावे राखणे हा सौजन्याचा मुद्दा नसून न्यायाचा मुद्दा आहे. विशेषतः स्त्रीचे आणि आदिवासी कलावंताचे काम निनावी ठेवण्याची सवय जेथे खोल रुजलेली आहे, तेथे पुस्तकावरील दोन पूर्ण नावांना मोठा अर्थ आहे.

५.४ पारिभाषिक शब्द

संहिता : चित्रग्रंथातील लिखित मजकूर.
डिग्ना : परधान व गोंड घरांतील स्त्रियांनी भिंतीवर व जमिनीवर काढलेली भौमितिक नक्षी.
भरणी : आकृतीच्या आतील जागा ठिपके, रेषा इत्यादींनी भरण्याची पद्धत.
काकू : उच्चारातील स्वराच्या चढउतारातून व्यक्त होणारा अर्थ.
संयुक्त कर्तृत्व : एकाहून अधिक कर्त्यांनी मिळून, वाटे वेगळे न करता येतील अशी केलेली निर्मिती.

५.५ 'आपली प्रगती तपासा'ची उत्तरे

१ : (अ) बाना (आ) डिग्ना (इ) २०२२
२ : (अ) पाणी, निवारा व प्रवास हे तीन भाग आहेत. (आ) चौकटींऐवजी डिग्नाच्या नक्षीपट्ट्यांचा वापर केला आहे. (इ) जातिद्वेषाच्या विषारी बोलण्यासाठी असे फुगे येतात.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

१. 'चित्रकार हा ग्रंथाचा सहलेखक असतो.' या विधानाची 'भीमायन'च्या आधारे चर्चा करा.
२. डिग्नाचा भिंतीवरून पुस्तकापर्यंतचा प्रवास सांगून त्यातील बदल स्पष्ट करा.
३. 'तिसरा कलावंत' ही कल्पना स्पष्ट करून तिची मर्यादा आपल्या समाजाच्या संदर्भात लिहा.
४. टीपा लिहा : (अ) जनगढ सिंह श्याम (आ) चित्रातील काकू (इ) संयुक्त कर्तृत्व.

५.७ क्षेत्रीय कार्य

१. आपल्या गावातील किंवा जवळच्या गावातील एका घराला भेट द्या. सण किंवा लग्न यांनिमित्त भिंतीवर अथवा अंगणात काढलेल्या आकृत्यांची नोंद करा. त्या कोणी काढल्या, कोणाकडून शिकल्या, कोणती माती व रंग वापरले, प्रत्येक आकृतीला घरात कोणते नाव आहे, हे काढणाऱ्या व्यक्तीच्या शब्दांतच लिहा. झाडीबोलीतील शब्द प्रमाणभाषेत बदलू नका. त्यांची संमती असेल, तर नोंदीच्या शिरोभागी त्यांचे पूर्ण नाव लिहा.

२. आपल्या तालुक्याच्या ग्रंथालयातून मुलांची दहा सचित्र मराठी पुस्तके घ्या. प्रत्येकावर चित्रकाराचे नाव आहे काय, ते मुखपृष्ठावर आहे की आतल्या पानावर, लेखकाच्या नावाच्या तुलनेत अक्षरांचा आकार केवढा आहे, याचा तक्ता करा. ज्या पुस्तकावर नाव सापडणार नाही, त्याचे एक चित्र निवडून त्याच्या रेषेचे वर्णन पाच ओळींत करा, आणि तक्ता आपल्या समंत्रकांना पुढील संपर्कसत्रात दाखवा.